मडक्याखालची जागा

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा काळा आहे. नुसता काळा म्हणून भागत नाही. दिवा लावला की त्यात बारीक चमक दिसते, भाजलेल्या कारळात साखर सांडावी तशी. असा ओटा ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ठाऊक, की काळा रंग काही म्हणजे काही लपवत नाही. पांढऱ्या फरशीवर पाण्याचा थेंब वाळला तर कुणाला कळतही नाही. काळ्यावर तोच थेंब पांढरी कड मागं ठेवून जातो. ज्वारीचं पीठ, तेलकट बोटं, चहाच्या कपाचं बूड, सगळं दिसतं. त्यात उमरग्यातलं आमचं बोअरचं पाणी. बादलीत दोन दिवस राहिलं तर बादलीला थर धरतं.

रोज संध्याकाळी जेवणं झाली की हा ओटा मी पुसतो. दोन फडकी लागतात. एक ओलं, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून घट्ट पिळलेलं. दुसरं कोरडं, जुन्या सुती धोतराचं. ओलं फिरवलं की वाळायची वाट बघायची नाही, मागोमाग कोरडं फिरवायचं. सिंकपासून सुरुवात करून मी खिडकीकडं येतो. खिडकीशी मिक्सर ठेवलेला असतो. तो उचलतो आणि खालची जागा पुसतो. तिथं ताटलीएवढ्या गोलात चमक नाही. कितीही पुसलं तरी येत नाही, येणारही नाही.

त्या जागेबद्दल आजवर मी कुठं लिहिलं नव्हतं. दोन माणसांजवळ बोललो, तेही वर्ष होत आल्यावर.

मुळात मी घुम्या माणूस. एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, सत्तावीस वर्षं झाली. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, दहावीच्या प्रयोगांची मांडामांड करायची. शिकवणारे वेगळे असतात, त्यामुळं मला बोलावं लागत नाही. बायको एका डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. ती दिवसभर पेशंटशी बोलून येते आणि घरी माझ्यापुढं बसून म्हणते, "अहो, तुमच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे मला दवाखान्यातला चिमटा आणावा लागेल."

आमचा जुना ओटा कडप्प्याचा होता. मधून तडकलेला. त्या तडीत पीठ जाऊन बसायचं, मग मुंग्या, मग झुरळं. बायको दर रविवारी डोक्यातला आकडा काढून त्या तडीतला मळ उकरायची. अठरा वर्षं तिनं हे केलं. तक्रार अशी कधी केली नाही, पण आकडा परत डोक्यात खोचताना जोरात खोचायची. घराची दुरुस्ती निघाली तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. बाकी रंग, दारं, फॅन, सगळं तुमच्या मनानं करा म्हणाली. ओटा मात्र क्वार्ट्झचा, आणि काळा.

बसवणारा कारागीर सोलापूरचा होता. काम संपल्यावर त्यानं आम्हा दोघांना ओट्यापुढं उभं केलं. "ताई, ह्याला काही लागत नाही. साधं पाणी, साबण, मऊ कापड. तापलेली कढई तशीच ठेवायची नाही, खाली लाकडाची पाटी घ्यायची. तारेची घासणी नाही, पावडर नाही, बाथरूमचं अ‍ॅसिड तर अजिबात नाही. दगड आहे, पण आत चिकट पदार्थ पण घातलेला असतो, तोच जळतो. पाण्याचे पांढरे डाग धरले तर व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी घाला, पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं पुसून काढा."

बायकोनं ते सगळं त्याच्यासमोर परत म्हणून दाखवलं. मी शेजारी उभा होतो. ऐकलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मला असं म्हणायची सोय नाही की मला माहीत नव्हतं.

त्या थंडीत माझ्या सासूबाई आमच्याकडं आल्या. मी त्यांना मामी म्हणतो. त्या जळकोटजवळच्या गावी लेकाकडं राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेकीच्याच दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं होतं. त्या यायला तयार नव्हत्या. लेकीच्या घरी चार दिवसांच्या वर राहणं त्यांना जड जातं. आल्या त्या दिवशीच म्हणाल्या, "डोळा झाला की निघाले मी. तुमच्या घरात गर्दी नको." घरात आम्ही दोघंच. गर्दी कसली?

ऑपरेशनची तारीख येळवस झाल्यावरची घेतली होती. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होऊन रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, घालायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडकंभर आंबील. ज्वारीच्या पिठाचं ताकातलं ते आंबट आंबील त्या दिवशी रानात जसं लागतं तसं घरी लागत नाही. मामींच्या रानात दरवर्षी आंबिलाचं मडकं त्याच रंगवायच्या. अंगभर चुना, त्यावर काव लावून तांबडे पट्टे. त्या वर्षी त्यांनी उमरग्याच्या बाजारातून मडकं घेतलं. "इथला कुंभार बरा हाय, इथंच रंगवते, इथंच आंबील करते, आन सकाळी समदीच जाऊ," म्हणाल्या. बायको हसून म्हणाली, "रंगव, पण माय, मडकं ओट्यावर ठेवायचं झालं तर खाली कापड घे." मामी म्हणाल्या, "घेते की."

आदल्या दिवशी शनिवार होता. शाळा सकाळची. मी दुपारी घरी आलो तेव्हा मामी मागच्या दारी उन्हात बसल्या बसल्या पेंगत होत्या. हाताला चुना, लुगड्याला काव. मडकं स्वयंपाकघरात खिडकीशी ओट्यावर वाळायला ठेवलेलं. खाली कापड नव्हतं. विसरल्या असतील. किंवा अंथरलं असं वाटलं असेल त्यांना. दिसतच कुठं होतं!

मी मडकं उचललं. खाली पांढरं कडं. मधे दोन तांबडे ओघळ.

बायको यायला तीन तास होते. मला तिचा आकडा आठवला, तडीत फिरणारा. नवा ओटा बसून दोन महिने झाले नव्हते. म्हटलं, तिला दिसायच्या आत काढून टाकू. मामींनाही बोलणी बसणार नाहीत. मनात चांगलंच होतं, एवढं मी माझ्या बाजूनं म्हणू शकतो. पुढचं मात्र नाही.

ओल्या फडक्यानं काव निघाली, चुन्याचं कडं निघेना. व्हिनेगर घरात होतं. पण सत्तावीस वर्षं मी चुनखडीवर अ‍ॅसिड पडताना बघतोय. फस् करून फेस येतो आणि चुनखडी नाहीशी होते, पोरं दरवेळी 'सर, उकळ्या!' म्हणून ओरडतात. कारागिराचं बोलणं कानात असूनसुद्धा मला वाटलं, ते बाकीच्यांसाठी. आपल्याला अ‍ॅसिड कळतं. बाथरूममधली बाटली आणली. फेस आला, कडं गेलं. पाणी ओतून पुसलं तर जिथं अ‍ॅसिड पसरलं होतं तिथं दगड फिका दिसायला लागला. तारेची घासणी घेतली. आणखी फिका. मग माझ्या शाळेच्या पिशवीत पॉलिश पेपर होता, मॅग्नेशियमच्या फिती आम्ही त्यानं घासून चकचकीत करतो. तो काढला. दहा मिनिटं घासलं. थांबलो तेव्हा ताटलीएवढी जागा आंधळी झाली होती. तिच्यात ना चमक, ना खिडकीचं प्रतिबिंब.

खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. जागा एकदम काळी झाली, बाकीच्या ओट्यासारखी. मी हात धुतले. बाटली जागेवर नेऊन ठेवली.

संध्याकाळी बायको आली. मडकं खिडकीशी ओट्यावर होतं. तिनं ते उचलून खाली ठेवलं, तेल बघितलं, आपली दोन फडकी घेतली आणि पुसलं. साबणानं तेल गेलं.

"माय! इकडं ये."

मामी भिंतीला हात लावत आल्या.

"हे काय झालं?"

"काय झालं?"

"मडकं कापडावर ठेवलं होतं का?"

आठवत होत्या. "ठिवलं आसल की."

"नव्हतं माय. कापड तर ह्या खुंटीवर आहे."

मामींनी ओट्यावर हात फिरवला, सिंकपासून पुढं पुढं. त्या जागेशी आल्यावर बोटं थांबली. परत मागं गेली, परत आली. "व्हय बाई. हितं खरबरीत लागतंय. चुन्यानं खाल्लं."

"दिसत नाही तर कशाला हात लावतेस गं सगळ्याला?"

हे ती रागानं बोलली, असं म्हणवत नाही. दमून बोलली. दिवसभर उभं राहून आलेली बाई, पुढं रात्रीचा स्वयंपाक, भाजी निवडायची राहिलेली. लगेच म्हणालीसुद्धा, "जाऊ दे, बस तू." पण मामींनी ओट्यावरचा हात जसा काढून घेतला तसा तापलेल्या तव्यावरून काढतात. दोन्ही हात पदरात घेतले आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी दारात होतो. माझ्या हातांना अजून अ‍ॅसिडचा वास येत होता. मी पाणी प्यायलो आणि बाहेर जाऊन बसलो.

आता इथं थांबून एक सांगितलं पाहिजे. वर मी लिहिलं की बायको आली तेव्हा मडकं ओट्यावर होतं. ते खरं आहे. पण घासण्यासाठी तर मी ते उचलून खाली ठेवलं होतं. हात धुतल्यावर, बाटली ठेवून आल्यावर, मी ते मडकं जमिनीवरून दोन्ही हातांनी उचललं आणि बरोबर त्याच जागी, तेल लावलेल्या गोलावर, ठेवलं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. झाकायचं तर मिक्सर होता, डबे होते. मी मडकंच ठेवलं. ओट्याबद्दल नुसता गप्प राहिलो असतो तर ते माझा स्वभाव म्हणून खपलं असतं. मडकं ठेवलं तो स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी रानात मामींनी पाच दगडांना चुना लावला. हातानं चाचपून, एकेक दगड मांडीवर घेऊन. मेव्हणा म्हणाला, "आई, मी लावतो." तर म्हणाल्या, "हे तरी करू द्या. दगडाला काय व्हत न्हाय." बायकोनं मान खाली घातली. मी आंबील पीत होतो.

सगळं आवरून निघायच्या वेळी मामी गाडीत बसल्या नाहीत. "मी हितंच राहते."

"अगं, मंगळवारी ऑपरेशन आहे."

"राहू दे. बसून खायला उजीड कशाला लागतो?"

खूप समजावलं. त्या हसून टाळत होत्या, आणि त्यांना हसताना पाहिलं की बायकोला पुढं बोलता येईना. परत येताना तिनं खिडकीकडं तोंड केलं होतं. उमरगा येईपर्यंत तिनं एवढंच विचारलं, "मी फार लागेल असं बोलले का हो?" मी म्हणालो, "नाही." त्या वर्षातलं माझं सगळ्यात लांब वाक्य ते असावं. आणखी एक शब्द बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून बायको दर दोन दिवसांनी फोन करायची. "माय, कधी येतीस?" "यीन की." उन्हाळ्यात येते, पेरणी झाली की येते, पंचमी झाली की येते. फोन ठेवला की ती ओटा पुसायला लागायची. पुसून झालेला ओटा परत पुसायची.

चैत्रात एका लग्नासाठी मामी उमरग्याला आल्या आणि तासभर आमच्याकडं टेकल्या. बायकोनं चहा दिला. मामी चहा प्यायल्या आणि रिकामा कप मांडीवर धरून बसल्या. मी म्हटलं, "द्या मामी." तर म्हणाल्या, "राहू द्या, धरते मी. कुटं ठिवायचा ते मला कळंना." स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. लेकीनं हाताला धरून नेऊ बघितलं तर म्हणाल्या, "हितनंच बोलते की, ऐकू येतंय मला."

त्याच महिन्यात बायकोनं त्या कारागिराला फोन करून बोलावलं होतं. तो आला तेव्हा ती ड्यूटीवर होती. त्यानं मिक्सर बाजूला केला, वाकून तिरप्या उजेडात बघितलं, अंगठा फिरवला.

"चुन्याचा डाग म्हणाल्या ताई."

"हं."

"चुन्यानं असं होत नाही साहेब. चुना व्हिनेगरनं दोन मिनिटांत निघतो. ह्याच्यावर अ‍ॅसिड पडलंय आणि वरून कुणीतरी पेपर मारलाय. ह्या रेघा बघा, गोल गोल." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. त्यानं अंगठा पँटला पुसला. "घरी पॉलिश करून ही चमक येत नाही. करायला गेलं तर जागा आणखी मोठी होईल. मिक्सर ठेवलाय तो बरा आहे."

"ताईंना काय सांगाल?"

"तुम्ही सांगा ते."

"चुन्याचा आहे म्हणा."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. "मी म्हणतो, डाग निघत नाही. तेवढं खरं आहे." चहा न घेता गेला.

पावसाळ्यात मेव्हण्याचा फोन. "दाजी, आई चुलीपशी बी जाईना झालीय. काही बी करायचं म्हटलं की विचारती, ह्याला हात लावू का? सोताच्या घरात! परवा तर दावणीला अडखळून पडली." दिवाळीला बायकोनं मेव्हण्याला सांगून मामींना मुद्दाम दवाखान्यात दाखवायला आणलं. डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "मोतीबिंदू पिकत चाललाय. फार थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल. मग ऑपरेशन केलं तरी नजर परत येईलच असं मी सांगू शकत नाही." मामींना त्यांनी तेच सांगितलं. मामी म्हणाल्या, "बरं," आणि लेकाबरोबर गावी गेल्या.

त्या दिवशी घरी बायको जेवली नाही. "माझ्या एका वाक्यापायी तिचा डोळा जाणार," म्हणाली.

ते वाक्य ऐकल्यावर पुढच्या रविवारी मी गाडी काढली. सोबत एक पिशवी. ओट्याला सिंकचं भोक पाडताना निघालेले तुकडे माळ्यावर होते, त्यातला वहीएवढा घेतला. व्हिनेगरची छोटी बाटली, दोन फडकी, पॉलिश पेपर. नुसतं बोलायला गेलो तर बोलता येणार नाही, हे मला माझं माहीत होतं.

मामी अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सूपभर शेंगा, बोटं भराभर चाललेली. घरातली बाकीची रानात.

"कोण हाय?"

"मी, मामी."

"बापू? येकटंच आलाव? लेक बरी हाय न्हवं माजी?"

"बरी आहे."

"मंग सोताहून आलाव? बया! आज काय उगवलंय."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. तुकडा काढून सुपाशेजारी ठेवला. "मामी, ह्याला हात लावा."

त्यांचा हात मागं गेला. "काय हाय ते?"

"ओट्याचाच तुकडा आहे. लावा. काही होत नाही."

लावला. "गुळगुळीत हाय."

"तुमची चुन्याची डबी द्या." मामी पान खातात, डबी कनवटीला असते. मी डबीतला चुना बोटानं तुकड्यावर जाड फासला आणि उन्हात सरकवला. त्या शेंगा सोलत राहिल्या, मीही चार सोलल्या. माझ्या हातून दाणे चेंगरत होते. चुना वाळून पांढरा धट्ट झाला तेव्हा व्हिनेगरच्या फडक्यानं पुसला, पाण्याच्या फडक्यानं पुसला.

"आता बघा."

त्यांनी बोटं फिरवली. "गेला की."

"गेला. आता थांबा." मी पॉलिश पेपर काढला आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला खसाखसा घासला. तो आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. "आता इथं लावा."

बोटं थांबली. मागं गेली, परत आली. तशीच, जशी त्या संध्याकाळी.

"ह्येच. ह्येच लागलं हुतं हाताला." मग हळू, "म्हंजे चुन्याचं न्हवतं ते?"

"नाही."

"मंग कुणाचं?"

"माझं. तुम्ही उन्हात बसला होता. मी कडं काढायला गेलो, अ‍ॅसिड टाकलं, वर हे घासलं. बिघडलं. मग मडकं उचलून परत तिथंच ठेवलं."

"परत ठिवलं? का?"

सत्तावीस वर्षांत कुठल्या पोराला मी एवढं सरळ उत्तर दिलं नसेल. "तुमच्यावर जावं म्हणून."

त्यांनी सुपातली शेंग हातात घेतली, सोलली नाही, परत ठेवली. "वरीस झालं बापू. म्या दुधाच्या पातेल्याला हात लावला न्हाय. सुनंला वाटतं म्हातारी आळशी झाली. म्या म्हनलं, आपल्याला दिसत न्हाय, आपुन कुणाचं काय काय नासवत आसू. रोज बसल्या जागी त्योच हिशोब."

मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांना ते दिसत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "चुकलो, मामी."

"शाळंत पोरांला ह्येच शिकवताव व्हय?"

"मी शिकवत नाही. बाटल्या धुतो."

"त्या तरी नीट धुताव का न्हाय, कुणाला ठावं!" आणि त्यांना हसू आलं. हसता हसता पदर डोळ्याला लावला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "माज्या लेकीला सांगितलंय?"

"नाही अजून."

"मंग माज्याकडं कशाला आलाव आधी? माजं काय, मी म्हातारी. ती पोरगी वरीसभर फोनवर रडती. म्हनती, माय, माझं तोंड जळू दे. तिला सांगा जावा. तिनं मला फोन करून सांगितलं, की बापू बोलले, तर म्या येते डोळा करायला. न्हाय तर न्हाय."

परतीच्या रस्त्यावर ट्रकमागून ट्रक होते. मी त्यांच्या मागं मागंच राहिलो. पुढं काढायची घाई नव्हती.

बायको ओटा पुसत होती. मी मिक्सर उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागेवर हात ठेवून सगळं सांगितलं. मडक्याचंही. फडकं तिच्या हातात तसंच होतं, पाणी गळत होतं, काळ्या दगडावर थेंबाशेजारी थेंब. मी संपवलं तेव्हा म्हणाली, "आणि मी गाडीत विचारलं, फार लागेल असं बोलले का. तेव्हाही?"

"तेव्हाही."

"माझी माय वर्षभर आंधळी बसली. मला वाटत होतं, मी बसवली."

तिनं ओलं फडकं माझ्या एका हातात दिलं, खुंटीवरचं कोरडं काढून दुसऱ्या हातात दिलं आणि फोन घेऊन बाहेर गेली. दाराआडून तिचा आवाज ऐकू येत होता. "माय, बोलले ते. ... हो. ... सगळं." त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. न बोलण्याच्या बाबतीत घरात तिनं माझी जागा घेतली होती. ओटा मात्र त्या दिवसापासून मी पुसतो. तिनं तसं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

मामी त्याच आठवड्यात आल्या. उजवा डोळा झाला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. लेकीनं घड्याळ लावून थेंब घातले. पट्टी निघाली, वर काळा चष्मा आला. धुरापाशी जायचं नाही म्हणून त्यांना पुढच्या खोलीतच बसवलं होतं. पण आठव्या की नवव्या दिवशी सकाळी, बायको मागं कपडे वाळत घालत असताना, मामी उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात आल्या. उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. मी चहाचं आधण ठेवत होतो.

"कुटं हाय ते?"

मी मिक्सर उचलला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी 'मामी, चष्मा' म्हणेपर्यंत त्या ओट्यावर वाकल्या होत्या. नाक दगडाला टेकेल इतक्या. एक डोळा मिटून नव्या डोळ्यानं त्या गोलाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील आणि ते मला ऐकावं लागेल.

"येवढंच?" म्हणाल्या.

"एवढंच."

"बया! मला वाटायचं, आख्खा वटा ग्येला." त्यांनी हाताचा पंजा त्या जागेवर ठेवला. पंजाखाली ती जवळजवळ झाकली गेली. "येवढ्यासाठी."

मग पंजा उचलून त्यांनी मान तिरपी केली आणि ओट्याच्या लांबीवरून नजर नेली, सिंकपासून खिडकीपर्यंत, सावकाश, वर्षभराचं उरलेलं बघून घ्यावं तशी. खिडकीतून उजेड तिरपा येत होता.

"आन हे पुसतं कोण?"

"मी."

"तरीच. ह्या बघा रेघा. ह्या, ह्या, आन ती तिकडं. फडकं पिळत न्हाय का तुमी?"

मी वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही. त्यांच्या बाजूला जाऊन, त्यांच्याएवढं वाकून बघितलं, तेव्हा दिसल्या. मी फडकं घेतलं, घट्ट पिळलं आणि पहिल्यापासून पुसायला लागलो. त्या शेजारी उभ्या राहून एका डोळ्यानं बघत होत्या, एक हात ओट्यावर टेकून.